अनुस्वाराला ठेच

'वाचक' हे खातं मी जन्माला घातलं होतं. ते मारायचं कामही माझ्याच हातून करून घेणार होते.

आधी हे खातं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर माझा राग तुम्हाला एकोणसाठ वर्षांच्या बाईची किरकिर वाटेल. इचलकरंजीत आमचं जनप्रबोधन मोफत वाचनालय आहे. तिथे पाच संगणक. पुस्तकांची यादी शोधायची, स्कॅन केलेलं पुस्तक तिथंच बसून वाचायचं. प्रत्येक संगणकावर मी दोन खाती ठेवली होती. एक 'व्यवस्था', त्याचा पासवर्ड फक्त मला माहीत. दुसरं 'वाचक', त्याला पासवर्डच नाही. कुणीही यावं, बसावं. यादी दिसेल, पुस्तक दिसेल, बाकी एक चिन्हसुद्धा इकडचं तिकडे हलणार नाही. उठताना 'झालं' दाबलं की खातं स्वतःला पुसून टाकणार. कोण बसलं, काय शोधलं, काही मागे उरायचं नाही. पाटीवर ओला बोळा फिरवावा तसं.

हे मला कुणी शिकवलं नाही. दहावी नापास आहे मी. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर काम करत होते, पट्ट्यात डाव्या हाताची अर्धी करंगळी गेली, मग टायपिंग शिकले, पुढे वीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. संगणक उघडून, बिघडवून, शिव्या खात शिकले. म्हणून 'वाचक' मला पोटच्या पोरासारखं होतं. गावात सगळीकडे माणूस बोलून शोधतो आणि यंत्र आवाजावरून त्याला ओळखतं. बँकेत, दवाखान्यात, रेशनला. फक्त वाचनालयात 'शांतता राखा' असा बोर्ड होता, म्हणून तिथे कीबोर्ड उरले होते. अख्ख्या गावात माणसाला नाव न विचारणारे पाच पडदे, आणि ते आमच्याकडे.

दोन हजार छत्तीस सालच्या जानेवारीत ग्रंथपाल मुजावर सरांनी कागद माझ्यासमोर धरला.

"भोरेबाई, वरून आलंय. सार्वजनिक खातं बंद. प्रत्येकाला स्वतंत्र खातं."

"पासवर्ड कोण लक्षात ठेवणार, सर? इथं लोकांना स्वतःचा चष्मा लक्षात राहत नाही."

"पासवर्ड नाही लागणार म्हणे. यंत्र बोटं ओळखतं."

"कशाला पण?"

सरांनी कागद पुन्हा वाचला. निवृत्तीला अकरा महिने राहिलेला माणूस कागद दोनदा वाचतो. "वाचकाच्या हितासाठी," ते म्हणाले.

यंत्रणेचं नाव 'लयवेध'. ती बसवायला कंपनीची इंजिनिअर आली, ईशानी पालव, तिशीची, पायात बूट, बोलणं नीट. मला उगाच राग यावा असं तिच्यात काहीच नव्हतं, त्याचाही राग आला.

"समजावून सांगते मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही एखादी कळ दाबता. बोट त्या कळीवर किती वेळ टेकतं, सेकंदाच्या हजाराव्या भागात, ते मोजायचं. मग ते उचलून पुढच्या कळीवर जायला किती वेळ लागतो, तेही मोजायचं. अशा तीन-चारशे जोड्या झाल्या की प्रत्येक माणसाची एक चाल दिसते. 'क' नंतर काना देताना कुणी घाई करतं, कुणी रेंगाळतं. सही खोटी करता येते, ही चाल नाही येत."

"माणूस दमला तर? थंडीनं बोटं आखडली तर?"

"म्हणून तर एक ठिपका नाही, वर्तुळ धरतो. माणूस आपल्या वर्तुळात इकडे तिकडे होतो, बाहेर जात नाही."

डिसेंबरात सगळ्या सभासदांनी नूतनीकरणाचा अर्ज याच कीबोर्डवर भरला होता. तेव्हा कुणाला शंका आली नाही. मलाही नाही, हे कबूल करते. त्या अर्जात 'वडील किंवा पतीचे नाव व मोबाइल' असा रकाना होता. वर्तुळाला नाव लागलं ते तिथून, आणि मोबाइल सापडला तोही तिथूनच. माझा नमुना सगळ्यांत मोठा निघाला, कारण अर्धे अर्ज लोकांसाठी मीच टाइप केले होते.

'वाचक' पुसायला मी बसले. 'हे खाते कायमचे काढायचे का?' यंत्रानं विचारलं. मी 'हो' दाबलं. नोकरी होती ना.

तेरा दिवसांनी संध्याकाळी घरी आले तर आमचे हे, मारुती भोरे, उंबऱ्यात बसलेले. चाळीस वर्षं यंत्रमागाचे जॉबर. बिघडलेला माग उभ्या उभ्या ऐकून बांधून देणारा माणूस. मोबाइल त्यांनी मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला होता.

"हे काय हाय?"

मी वाचलं. 'कुटुंब-सूचना. आपल्या पत्नी शैलजा यांनी गेल्या तेरा दिवसांत वाचनालयात पुढील विषय शोधले आहेत. घटस्फोटाचा अर्ज. मुलीचा ताबा. पतीला न कळवता घर सोडणे. आपल्या माणसाशी वेळीच बोला. बोलते कुटुंब, सुखी कुटुंब.'

"वेळीच बोला म्हणतंय," हे म्हणाले. "बोल."

"अहो, आपल्याला मुलगी तरी आहे का?"

"मुलीचं सोड. घर सोडायचं बोल."

"मी नाही शोधलं हे."

"नाव तुझं हाय."

"नाव माझं आहे, बोटं माझी नाहीत."

त्यांनी खाली बघत विचारलं, "कधी मनात तरी आलं होतं?"

खोटं बोलायला अर्धा सेकंद लागतो. मला त्याहून जास्त लागला. अठ्ठ्याण्णव साली ते सहा महिने पिऊन येत होते, तेव्हा आलं होतं. त्यांनी तो उशीर ऐकला. मागातला उशीर ऐकणारा माणूस तो, बायकोचा ऐकणार नाही? ताट न घेताच उठले आणि माडीवर गेले.

मी भांडी घासत विचार करत होते. यंत्र चुकलं म्हणजे नेमकं काय झालं? माझ्या वर्तुळात दुसरं कुणी आलं. कोण येईल? हातातल्या तव्यावर माझी आखूड करंगळी घसरली आणि एकदम लक्षात आलं.

जुन्या मराठी कीबोर्डवर अनुस्वार डाव्या करंगळीखाली येतो. माझी करंगळी अर्धी. म्हणून मी अनुस्वार शेजारच्या बोटानं देते. बोट उचलायचं, सरकवायचं, परत आणायचं. अनुस्वार आला की माझ्या टायपिंगला ठेच लागते. क्लासात मी पट्टीनं टेबलावर ठेका धरायचे, पोरी माझ्या हाताकडे बघून शिकायच्या. मी ओरडायचे, "करंगळी वापरा गं!" पण हात शिकतो तो बघून. वीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांनी माझा वेग घेतला, ठेका घेतला, आणि माझं लंगडेपणही घेतलं. धडधाकट करंगळ्यांच्या पोरी अनुस्वाराला लंगडत होत्या.

सकाळी साडेदहाला तीन नंबरच्या संगणकावर स्नेहल मगदूम बसली होती. सतरा वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकलेली. आता सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगच्या ऑफिसात कारकून. पडद्यावर वर लिहिलं होतं, 'नमस्कार, शैलजा भोरे.'

मी शेजारी बसले. "स्नेहल, वरचं नाव वाचलंस का?"

"हो की. मला वाटलं, तुम्ही इथं बघता म्हणून सगळ्यांनाच तुमचं नाव दिसतंय." तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं पांढरं पडलं. "बाई, काय झालं?"

मी सांगितलं. ती हसली. भीती फार झाली की हसू येतं तसं.

"म्हणजे काकांना वाटलं की तुम्ही..."

"काकांचं राहू दे. तुझं सांग."

तिनं आवाज खाली आणला. नवरा मारत नव्हता. "मारलं असतं तर दाखवायला काहीतरी असतं, बाई." सिमकार्ड त्याच्या नावावर, मोबाइल रात्री त्याच्या उशाखाली, ऑफिसातल्या फोनवर दिवसातून सहा वेळा फोन. किराणा दुकानात किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून बघायचा. आठवीतली मुलगी आता आईशी बोलताना आधी दाराकडे बघते. बावीस तारखेला मिरजेच्या कोर्टात अर्ज दाखल व्हायचा होता. वकीलबाईंनी बजावलं होतं, तोवर त्याला वास लागता कामा नये. लागला तर मुलीला तो त्याच्या भावाकडे बेळगावला नेऊन ठेवील. दोनदा तसं बोललाही होता.

"आज तारीख काय?" मी विचारलं.

"तेरा."

नऊ दिवस. मी म्हटलं, "तू आता इथं येऊ नकोस."

दुपारी ईशानी पालवचा फोन. "मॅडम, तुमच्या केंद्रावर एक गंमत दिसतेय. तुम्ही एकाच वेळी दोन संगणकांवर टाइप करताय."

"चपळ आहे मी."

ती खरोखर हसली. "तुमच्या वर्तुळात दुसरी व्यक्ती अडकलीय. गुरुवारी मी येते. तुम्ही फक्त दहा मिनिटं एकट्या टाइप करा. तुमचा शुद्ध नमुना मिळाला की वर्तुळ घट्ट करते. मग उरलेलं सगळं आपोआप खऱ्या मालकाच्या नावावर जाईल. मागच्या नोंदींसकट. सूचनाही योग्य घरी जातील."

"नाही बसले तर?"

"मग दोन्ही शक्य नावांच्या घरी चौकशीचा मेसेज जाईल, मॅडम. ते आपोआपच होतं."

गुरुवार म्हणजे अठरा तारीख. बावीसच्या चार दिवस आधी.

फोन ठेवला आणि मुजावर सरांकडे गेले. सगळं सांगितलं, फक्त नाव नाही. ते चष्मा पुसत राहिले. "भोरेबाई, यात आपण काय करू शकतो?"

"आपण घाबरू शकतो, सर. ते आपल्याला चांगलं जमतं."

त्यांना लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते.

घरी हे बोलत नव्हते. चहाचा कप ओट्यावर ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. रविवारी दुपारी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"ऐका. ती दुसरी कुणीतरी आहे. नाव सांगणार नाही. यंत्राला तिची बोटं आणि माझी बोटं सारखी वाटतात, कारण तिला मी शिकवलंय. गुरुवारी मला बसवून तिला वेगळी काढणार आहेत. काढली की तिचं पोर जातं."

"आणि अठ्ठ्याण्णव साली?" ते म्हणाले. मी सालाचं नाव काढलं नव्हतं. त्यांनाही माहीत होतं तर.

"तेव्हा आलं होतं मनात. गेले नाही, हे तुम्ही बघताच आहात."

ते जॉबरासारखे बोलले. "लय म्हणजे मागासारखंच की. डोळं मिटून मी सांगतो, सात नंबरचा वाजतोय का नऊ. पण एक हाय. एकाच जॉबरनं बांधलेलं माग एकाच आवाजात वाजतात. दोन असतील तर कान लावून फरक काढता येतो. चोवीस असतील तर त्या गदारोळात कुनाच्या बापाला कळत न्हाई. कापड बाजारात गेलं की मालकालासुद्धा सांगता येत न्हाई, कुठल्या मागाचं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"काय झालं?" हे दचकले.

"काही नाही. चहा हातात देणार का आज?"

क्लासाची जुनी हजेरीची पुस्तकं माळ्यावर होती. तासाभरात फोन सुरू केले. कोर्टातली टंकलेखक, मुद्रांक विक्रेता, नगरपालिकेतल्या दोघी, दस्तऐवज लिहिणारा चौगुले, शाळेतली लेखनिक, आणि बऱ्याच नुसत्या घरात असलेल्या. कुणालाही कारण सांगितलं नाही. "बाईंनी बोलावलंय" एवढं पुरलं. एकदोघींनी विचारलं, "बाई, परीक्षा आहे काय?" म्हटलं, "होय."

सोमवार, मंगळवार, बुधवार, रोज संध्याकाळी आमच्या माडीवर सराव. कीबोर्ड पुरेनात, तर पुठ्ठ्यावर कळा काढल्या. मी पट्टी घेतली, पण अर्ध्या तासात माझं मनगट गेलं. तेव्हा हे पाना घेऊन वर आले आणि लोखंडी स्टुलावर ठेका धरला. खट खट खटाक, खट. अनुस्वाराला थांबा. खट खट खटाक, खट.

"काका, हा तर मागाचा आवाज," चौगुले म्हणाला.

"गावाचाच हाय," हे म्हणाले. "बोटं चालव."

स्नेहलला ऑफिसात गाठून गुरुवारचं सांगितलं होतं, आणि तू येऊ नको म्हटलं होतं. तरी बुधवारी आली. नवऱ्याला दळणाचं सांगून, डबा घेऊन, पंचवीस मिनिटांसाठी. "बाई, मी नसले गुरुवारी तर नेमकी मीच नाही, हे दिसेल," ती म्हणाली. खरं होतं. मला सुचायला हवं होतं.

गुरुवारी अकराला ईशानी पालव आली तेव्हा वाचनालयात एकतीस माणसं बसली होती. पाच संगणकांवर पाच, बाकीच्यांनी रांग धरलेली. मुजावर सरांनी स्वतः खुर्च्या मांडल्या होत्या. मला सांगितलंसुद्धा नव्हतं.

"मॅडम, हे कोण?"

"वाचक," मी म्हटलं. "बसू का मी?"

मी दहा मिनिटं टाइप केलं. तिच्या पडद्यावर निळं वर्तुळ उमटलं. मग एकेकजण बसायला लागलं आणि जिला जे सुचेल ते शोधायला लागलं. घटस्फोट. मूळव्याध. मधमाशापालन. मुलीचा ताबा. ज्वारीचे पापड. पतीला न कळवता घर सोडणे. चौगुलेनंही तेच शोधलं आणि मिशीत हसला. प्रत्येक पडद्यावर, 'नमस्कार, शैलजा भोरे.' 'नमस्कार, शैलजा भोरे.'

ईशानी घामाघूम झाली. वर्तुळ घट्ट केलं तर चहा पिऊन पुन्हा बसलेली मी स्वतःच बाहेर पडले. यंत्रानं मलाच दोन बायका ठरवलं. सैल केलं तर सगळे आत. "तुमच्यात आणि त्यांच्यात नऊ हजारांशाचा फरक आहे," ती पुटपुटली. "आणि तुमच्यात आणि तुमच्यातच चौदाचा."

"दोन घरांच्या मधे कुंपण घालता येतं, बाळ. मधे एकतीस घरं उभी राहिली की कुठं घालशील?"

तेवढ्यात स्नेहलची पाळी आली. ती बसली आणि दाराकडे बघत टाइप करायला लागली. पहिल्या ओळीतच ठेका सुटला. ईशानीच्या पडद्यावर एक लाल ठिपका वर्तुळाच्या काठाकडे सरकायला लागला. ईशानी पुढे झुकली. ठिपका काठावर आला.

मी पिशवीतून लाकडी पट्टी काढली आणि टेबलावर आपटली. खट.

'शांतता राखा' बोर्डाखाली, माझ्या नोकरीत पहिल्यांदा. खट खट खटाक, खट. मागून मुजावर सरांनी पेपरवेट उचललं आणि काउंटरवर तोच ठेका धरला. त्यांना ठेका जमत नव्हता. तरी धरला. रांगेतल्या बायकांच्या चपला फरशीवर वाजायला लागल्या. स्नेहलचे खांदे खाली आले. बोटं वळणाला लागली. 'अंतरिम' शब्दातल्या अनुस्वाराला तिला बरोबर ठेच लागली, माझीच, अर्ध्या करंगळीची. लाल ठिपका आत सरकला आणि बाकीच्या तीस ठिपक्यांत मिसळला.

ईशानीनं लॅपटॉप अर्धा मिटला. "मॅडम, तुम्ही हे मुद्दाम करताय."

"होय. लिही की तसं अहवालात."

तिनं पडद्यावरचा अहवाल वरखाली केला. मग माझ्याकडे बघितलं. मग स्नेहलकडे. एक सेकंद जास्तच बघितलं. "त्याला रकाना नाहीये," ती म्हणाली.

अहवाल आला तो असा. 'केंद्रावर एकच सक्रिय वापरकर्ती. तांत्रिक दुरुस्ती अशक्य. आहे तसे चालू ठेवावे.' मुजावर सरांनी तो बाहेरच्या फलकावर चिकटवला. म्हणाले, "आमच्या वाचनालयात एकच वाचक आहे, पण रोज दोनशे विषय वाचते. देशातली सगळ्यात हुशार बाई."

बावीस तारखेला स्नेहलनं अर्ज दाखल केला. मुलगी तिच्याबरोबर होती. पुढे कोर्टात काय होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. पण नवऱ्याला कळलं ते कोर्टाच्या नोटिशीनं. यंत्राच्या गोड मेसेजनं नाही.

आणि 'वाचक' परत आलं. नाव तेवढं बदललं. आता कुणीही अनोळखी बाई आली की मी तिला पट्टीच्या ठेक्यावर चार दिवस बसवते. पाचव्या दिवशी पडदा तिला शैलजा भोरे म्हणतो आणि ती निर्धास्त होते.

सूचना सगळ्या आमच्या ह्यांच्या मोबाइलवर येतात. रोज संध्याकाळी ते चष्मा लावून वाचून दाखवतात. "आज तुला गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. मुलगा परदेशी पाठवायचाय. आणि कोंबड्या पाळायच्यात. कोंबड्या कुठं ठेवनार? माडीवर?"

परवा वाचता वाचता ते थांबले. मोबाइल लांब धरून पुन्हा वाचलं.

"परत घटस्फोट आलाय. ही कोन आता?"

भाकरी थापत होते. मागे न बघता म्हटलं, "मीच."

मग त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि माझं पान मांडलं.

"बरं," ते म्हणाले. "आधी जेवून घे. असली कामं रिकाम्या पोटी करू नयेत."